वाईच्या आळ्या, वाईचे घाट

शुक्रवार

स्वारगेटहून वाईला जायला दोन तऱ्हेच्या एसट्या मिळतात. एक महाबळेश्वरची. तिच्यात बसलेल्यांच्या डोक्यावर कात्रज ओलांडायच्या आधीच उन्हाळी टोप्या चढलेल्या असतात. दुसरी वाईला संपणारी, तिच्यात दुधाच्या किटल्या, औषधांच्या पिशव्या आणि पुण्यात मुलाकडे राहून कंटाळलेल्या आज्या. मैत्रिणीच्या आत्यांनी फोनवर बजावलं होतं, "वाईचीच गाडी धरा गं, बसायला तरी मिळेल." मिळालं. खंबाटकीचा घाट चढून उतरलो, सुरूर फाट्याला हायवे सोडला आणि दोन्ही अंगांना जुने वड सुरू झाले. रस्ता रुंद होताना यातले किती राहणार, यावर मागच्या सीटवर दोघांचं वाजलं होतं. एक जण सावलीच्या बाजूचा, दुसरा रस्त्याच्या. वाई येईपर्यंत निकाल लागला नाही.

वाईबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे, ती आधीच सांगून टाकते. पुण्या-मुंबईची माणसं वाईला येतात ती पाचगणीच्या वाटेवर. ढोल्या गणपतीपाशी गाडी लावायची, दर्शन, घाटावर फोटो, वेळ असला तर मेणवलीची घंटा, की लागले पसरणीचा घाट चढायला. अर्ध्या-पाऊण तासात वाई उरकते. पण या गावाचं तोंड रस्त्याकडे नाहीच, नदीकडे आहे. एसटी स्टँडवर उतरलं की दिसतं ते कुठल्याही तालुक्याच्या गावात दिसतं तेच, मोबाइलची दुकानं, खतांच्या पाट्या, वडापाव. कृष्णेच्या बाजूने शिरलं तर वेगळं गाव लागतं, आणि ते पायीच बघावं लागतं, कारण आळ्यांच्या बोळांतून चारचाकी फार आत जात नाही. हा एक फायदाच म्हणायचा.

आत्या मधल्या आळीत राहतात. वाडा होता, आता अर्धा आहे. चुलत्यांनी वाटणीत आलेला भाग पाडून तिथे तीन मजले उभे केले, त्यामुळे आत्यांच्या चौकात ऊन दुपारी बारा ते दोन एवढंच येतं. बाकीचं जुनं आहे तसं आहे. सागवानी खांब, खाली दगडी तळखडे, सोप्यावर कडीपाटाचा झोपाळा, आणि परसात जायला इतकं बुटकं दार की मला दरवेळी वाकायला लागत होतं. आत्यांना या दाराचं काही वाटत नाही. त्या म्हणाल्या, "मान वाकवायची सवय राहते."

चहा घेऊन ऊन कलताच गंगापुरीत गेलो, कारण पुढचे दोन दिवस सरकारी कार्यालय बंद. मराठी विश्वकोशाचं कार्यालय या गल्लीत आहे. महाराष्ट्राच्या एवढ्या मोठ्या कोशाचं काम पुण्या-मुंबईत न होता पस्तीस-चाळीस हजार वस्तीच्या गावात का झालं, याचं उत्तर एका माणसात आहे: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. १९०१ मध्ये खानदेशातल्या पिंपळनेरला जन्मलेला हा मुलगा शिकायला म्हणून वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आला आणि गावाचाच होऊन गेला. पाठशाळा होती नारायणशास्त्री मराठे यांची, पुढे संन्यास घेऊन जे केवलानंद सरस्वती झाले. तर्कतीर्थ वाई सोडायला तयार नव्हते, म्हणून कोश वाईला आला.

शास्त्रीबुवा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं त्यात हे गृहस्थ बसत नाहीत. वेदान्त, मीमांसा, न्याय सगळं रीतसर शिकलेले. गांधीजींनी अस्पृश्यतेविरुद्ध आघाडी उघडली तेव्हा शास्त्राच्या बाजूने त्यांची पाठराखण करणारे. १९३३ मध्ये गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात लागला, त्याचं पौरोहित्य यांनीच केलं. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गोटात गेले. आणि याच पाठशाळेत १९१७ मध्ये तब्येतीसाठी गांधीजींकडून रजा घेऊन आलेले विनोबा मराठे शास्त्रींपुढे ब्रह्मसूत्राचं शांकरभाष्य शिकायला बसले होते. वाईच्या भटजींवर विनोद करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विसावा यायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गेली. तोवर लोकांना नोंदी मोबाइलवर वाचायची सवय लागली होती, आणि आता कोशही तिथे आहे. तरी माझ्या मैत्रिणीने खंडांची चौकशी केली, जाडी बघितली, एसटीत कसे न्यायचे याचा हिशोब केला आणि गप्प राहिली.

संध्याकाळी घाटावर कृष्णाबाईचा उत्सव. आमची तारीख आत्यांनी त्याच बेताने ठरवली होती. माघातल्या थंडीपासून चैत्राच्या तोंडापर्यंत वाईत हा उत्सव आळीआळीने फिरतो. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. सात आळ्या, सात घाट, आणि प्रत्येकीचे उत्सवाचे दिवस वेगळे. आळीची कृष्णाबाई घाटावरच्या मांडवात येऊन बसते, कीर्तन-प्रवचन होतं, हळदीकुंकू होतं, पालखी निघते आणि पंगती उठतात. इतर ठिकाणी नदीची आरती करतात. इथे नदीच पाहुणी म्हणून आळीत येते आणि आळीने तिची बडदास्त ठेवायची.

उत्सवाची सुरुवात कशी झाली हे गावात कोणालाही विचारा, एकच गोष्ट सांगतील. अफझलखान. वाई प्रांत विजापूरकरांनी त्याच्याकडे दिलेला होता, आणि १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेचा तळ याच गावात पडला होता. गावकऱ्यांनी कृष्णेला नवस बोलला की हे संकट टळू दे, तुझा उत्सव करू. नोव्हेंबरच्या १० तारखेला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते सर्वांना माहीत आहे. नवसाला कागद मागायचा नसतो. पण खान याच गावातून प्रतापगडाकडे निघाला होता हे कळल्यावर मांडवात टाळ कुटणारे म्हातारे मला जरा निराळे दिसायला लागले.

पंगतीत बसलो. भात, आमटी, वांग्या-बटाट्याची भाजी, बुंदी. वाढणारी सगळी आळीतली पोरं, त्यातला एक जण पुण्यात आयटीत, खास रजा काढून आलेला. आमटी घेऊन तो तीनदा आला. नको म्हटलं तरी वाढली. "पाहुण्यांनी नको म्हणायचं नसतं काकू," म्हणाला. काकू ऐकून मैत्रीण रात्रभर हसत होती.

शनिवार

पहाटे साडेपाचला आत्यांनी उठवलं. थंडी चांगली होती. घाटावर जायचं तर सूर्य उगवायच्या आत, नाहीतर धुण्यांच्या आपटण्यात काही बघता येत नाही, हे त्यांचं मत.

मधल्या आळीच्या पायऱ्यांवरून खाली उतरलो आणि नदीच्या कडेने चालू लागलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. वाईचे घाट म्हणजे काशीसारखी एकसलग दगडी भिंत नाही. प्रत्येक आळीने आपल्यापुरता घाट बांधून घेतला, कोणी सरदाराकडून, कोणी वर्गणीतून, त्यामुळे पायऱ्यांची उंची बदलते, दगडाची घडाई बदलते, मधेच एखादं छोटं देऊळ आडवं येतं आणि वळसा घालावा लागतो. आळी संपली की पायाला कळतं. एका घाटावर पायऱ्या इतक्या उंच आहेत की आत्या हात धरून उतरल्या आणि म्हणाल्या, "या आळीतल्या बायकांचे गुडघे बघ, सगळ्यांचे गेलेत." लगेच पुढच्या आळीतल्या ओळखीच्या बाईंनी त्यांना हाक मारली आणि संभाषण गुडघ्यांवरच दहा मिनिटं चाललं.

नदीचं खरं सांगायचं तर फेब्रुवारीत ती फार देखणी नसते. वर धोमचं धरण आहे, पाणी सोडतील तेवढं येतं. जागोजाग जलपर्णी, काठाला निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या. जिला आळीआळीने मांडवात बसवतात तिच्यातच पिशव्या सोडतात, हे मला समजत नाही. आत्यांनाही नाही. त्यांनी वाटेत दिसलेल्या एका गृहस्थांना तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी पिशवी पाण्यात न टाकता पायरीवर ठेवली. आम्ही पुढे गेल्यावर काय केलं ते त्यांचं त्यांना माहीत.

गणपती आळीत पोचेपर्यंत उजाडलं. ढोल्या गणपतीचं देऊळ घाटावर नाही, जवळजवळ नदीतच आहे. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते बांधलं. सगळे समोरून बघतात, कमानींचा सभामंडप, वर उंच गेलेलं शिखर, आत एकाच दगडातला बसलेला गणपती. तो बसलेला असूनही शेजारी उभ्या पुजाऱ्यापेक्षा उंच भरतो. आम्ही मात्र आधी मागच्या बाजूला गेलो. या देवळाची खरी अक्कल मागे आहे. गाभाऱ्याची मागची भिंत सपाट नाही, ती माशासारखी निमुळती होत प्रवाहाकडे टोक करून उभी आहे, पुलाच्या खांबाला पाणी कापायला नाक असतं तशी. पुराचं पाणी आलं की त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. मी टोकाशी हात लावून पाहिला. दगडांच्या सांध्यात नख जाईना. इतक्या पावसाळ्यांत इतकं पाणी त्यावर आपटलं असेल. आजही धोममधून जादा पाणी सुटलं की कृष्णा सभामंडपात येते, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, आणि पाणी ओसरलं की पोरं गाळ काढतात आणि आरती सुरू होते.

बांधणाऱ्याने नदीला देवळापासून लांब ठेवायचा प्रयत्नच केलेला नाही. ती येणार हे धरून बांधलंय. आज नदीकाठी जे काही बांधलं जातं त्यात नेमकं हेच धरलेलं नसतं.

१७६२ हे साल माझ्या डोक्यात घोळत राहिलं. पानिपत १७६१ च्या जानेवारीतलं. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिलेली. म्हणजे पानिपतावर पडलेला विश्वासराव हा या रास्ते बंधूंचा सख्खा भाचा. जावई नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये गेले. दुसरा भाचा माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला. घरावर असं सगळं कोसळलेलं असताना पुढच्याच वर्षी हे देऊळ उभं राहतं. नवस होता, सांत्वन होतं, की पैसा कुठेतरी पक्का करून ठेवायचा होता, आपण कल्पना करायची. मला तरी तो एवढा मोठा गणपती दिसला की आधी गोपिकाबाई आठवते. पुढे माधवराव क्षयाने गेला, नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला. तिन्ही मुलगे पेशवे घराण्याचे, तिन्ही तिच्या डोळ्यांदेखत गेले.

शेजारीच काशीविश्वेश्वर. हे थोडं आधीचं, १७५७ मधलं, दुसरे बंधू आनंदराव रास्ते यांचं. पुण्यातली रास्ता पेठ याच रास्ते घराण्याच्या नावाची. गणपती नदीला अंगावर घेतो, तर हा महादेव भोवती तट घालून बसलाय. आत शिरलं की दीपमाळा आणि मग नंदी. या नंदीपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला. दगडी खांबांच्या छत्रीखाली बसलेला, काळ्या कुळकुळीत दगडाचा, आणि अंग असं घासून काढलेलं की सकाळचं ऊन पाठीवरून ओघळत होतं. गळ्यात घंटांची माळ आहे, तीही दगडातलीच. प्रत्येक घंटा सुटी वाटावी इतकी कोरून काढलेली. पाठीवरच्या झुलीचा काठ बघा म्हणून आत्यांनी दाखवला नसता तर मी हलके बोट फिरवून तशीच पुढे गेले असते. गळ्याखाली जिथे कातडं लोंबतं तिथल्या वळ्याही सोडलेल्या नाहीत. याच्या कारागिराचं नाव कोठे नाही. रास्त्यांचं सगळ्यांना पाठ.

महालक्ष्मी आणि विष्णूची देवळं वर गावात आहेत, तीही रास्त्यांच्याच काळातली. बघितली, नमस्कार केला. एका देवळात सगळ्या कोरीव कामावर ऑइलपेंट फासलाय, गुलाबी आणि पोपटी. कोणाच्या देणगीतून, त्याची संगमरवरी पाटीही आहे. त्या पाटीवरची अक्षरं मात्र रंगातून बचावली आहेत.

दुपारी बाजारपेठेत. वाईची हळद घ्यायचीच होती. दुकानदाराने कुटलेली आधी दाखवली, मी हळकुंडं मागितली तेव्हा त्याचा सूर बदलला. "मग तुम्ही घरी दळणार? या बसा." हळकुंड मोडून आतला रंग दाखवला. बाहेरून पिवळं धमक दिसणारं नाही घ्यायचं, आतून केशरी हवं. पाव किलोसाठी गेलो, दोन किलो घेऊन बाहेर पडलो.

मोतीबागेतला रास्त्यांचा वाडा भित्तिचित्रांसाठी सांगतात, पण तो खासगी आहे, आणि ओळखीशिवाय दार वाजवायला आत्या तयार होईनात. मग ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा खालच्या आळ्या फिरलो. ठरवून बघावं असं काही नाही, पण मला तिथेच जास्त मजा आली. जोत्याचे घडीव दगड तसेच आणि वर पत्रा. दिंडीदरवाजा शाबूत, आत मोकळं मैदान आणि त्यात कडबा. एका कोनाड्यात मोबाइल चार्जिंगला. दोन वाड्यांच्या मधल्या बोळातून एकदम नदी दिसते, पुढच्या बोळातून पुन्हा दिसते, आणि समोर पांडवगड.

एका ओट्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "कुठनं आला?" पुण्याहून म्हटल्यावर, "गाडी कुठं लावली?" गाडी नाही, चालतोय. ते जरा बघत राहिले. "पावसाळ्यात या की मग. आत्ता काय बघताय." पाण्याची रेघ कुठवर येते ते त्यांनी काठीने भिंतीवर दाखवलं. माझ्या खांद्याच्या वर.

रविवार

मेणवली वाईहून तीन किलोमीटर, नदीच्या वरच्या अंगाला. रिक्षा मिळते, आम्ही चाललो. उसाची शेतं, हळद काढून मोकळी झालेली रानं, मधेच स्ट्रॉबेरीचे वाफे काळ्या कागदावर. आत्या घरीच थांबल्या. "मेणवली मी लग्नानंतर पाहिली, आता तुम्ही बघा."

रास्ते हे पेशव्यांचे सासुरवाडीकडचे, तर मेणवलीवाले नाना फडणवीस पेशव्यांचेच कारभारी. हे गाव नानांना औंधच्या पंतप्रतिनिधींकडून मिळालं. तिथे त्यांनी वाडा बांधला, नदीवर घाट आणि दोन देवळं, मेणेश्वर आणि विष्णू. गंमत अशी की नाना स्वतःही पानिपतावर होते, अठरा-एकोणीस वर्षांचे. तिथून जीव वाचवून कसे परत आले ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि त्यात शौर्याचा आव नाही, भीती आहे तशी आहे. म्हणजे कृष्णेच्या या तीन किलोमीटरांत एकीकडे पानिपतावर भाचा गमावलेलं घर, दुसरीकडे पानिपतातून परत आलेला माणूस. पुण्यात शनिवारवाडा बघताना पानिपत मला कधी एवढं जवळचं वाटलं नव्हतं.

वाड्याला तिकीट आहे. सहा चौकांचा. बाहेरून बघितलं तर जाड भिंती आणि लहान खिडक्या, कारभाऱ्याच्या घराला शोभेल असं कोणालाही सहज आत न घेणारं. आत मात्र एकामागून एक चौक उघडत जातात, वर सागवानी छत, जिने भिंतीतून चढणारे, एका वेळी एकच माणूस जाईल इतके अरुंद. भिंतींवर चित्रं आहेत, गणपती, कृष्ण, दरबारातली माणसं. काही ओल्याने गेली आहेत, काहींच्या चेहऱ्यांवर भेट देणाऱ्यांनी आपली नावं आणि बाण काढलेले. उरलेल्यांत लाल आणि हिरवा अजून ताजा आहे. एका स्त्रीच्या हातातल्या बांगड्या चित्रकाराने एकेक करून काढल्यात, रंगाचा ठिपका देऊन वेळ मारून नेलेली नाही. नानांचं दप्तर याच वाड्यात होतं. इतिहासकार ज्याला मेणवली दप्तर म्हणतात ते हे. इतिहाससंशोधक पारसनीसांनी त्यातली कागदपत्रं उजेडात आणली नसती तर उत्तर पेशवाईतल्या कितीतरी गोष्टी आपण अंदाजाने बोलत राहिलो असतो. हिंदुस्थानभर ज्याचे हेर पसरलेले, त्याची पत्रं इथे उसाच्या शेतांमध्ये पडून होती.

सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर पुण्यातलं वातावरण फिरलं तेव्हा १७९६ मध्ये नानांनी वाईकडेच पाय काढला होता, मग पुढे महाड. वाड्याच्या मागच्या दाराने उतरताना तेच डोक्यात होतं, की या पायऱ्यांवरून हा माणूस रात्रीचा कधी खाली गेला असेल का, आणि कोणत्या बाजूला बघितलं असेल.

घाट बघून वाईच्या घाटांची आठवण येते आणि फरकही कळतो. हा एकाच मालकाने, एकाच हिशोबाने बांधलेला. पायऱ्या एकसारख्या, वळण डौलदार. हिंदी सिनेमावाल्यांना तो आवडतो याचं नवल नाही. आम्ही गेलो तेव्हाही एक नवरा-नवरीचं शूटिंग चालू होतं. फोटोग्राफर नवऱ्या मुलाला "सर, लुक ॲट द रिव्हर" असं मराठी सुरात ओरडून सांगत होता, आणि नदीत म्हशी होत्या.

घंटा मेणेश्वराच्या देवळाशेजारी दगडी कमानीत टांगलेली आहे. वसईची. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या, एक भीमाशंकरला, एक नाशिकच्या नारोशंकराला, एक इथे. जवळ जाऊन बघावी लागते. घंटेच्या अंगावर उठावात मेरी आणि तिच्या हातात बाळ येशू. त्याखाली ओतल्याचं साल, १७०७. औरंगजेब अहमदनगरला मेला ते साल. आज मेरीच्या पायाशी हळद-कुंकू आहे आणि कोणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलेलं. एका बाईंनी लहान मुलाला उचलून धरलं, त्याने टोला दिला आणि आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला, तिथे धुणं धुणारी बाई सवयीने वर न बघता हात चालवत राहिली. मुलाने आईला विचारलं, हा कोणता देव? "देवाची आई आहे," ती म्हणाली. मला यापेक्षा बरं उत्तर सुचलं नसतं.

धोमला रिक्षाने. ऊन चढलं होतं आणि आम्हाला चालायचा उत्साह राहिला नव्हता. नरसिंहाचं देऊळ उंच जोत्यावर आहे. सिद्धेश्वरापुढचा नंदी बघायला मात्र मुद्दाम जा. कमळाच्या पाकळ्यांसारख्या कडा असलेलं दगडी कुंड, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलेलं असलं की कासव तरंगतं आहे असं वाटावं ही योजना. आम्ही गेलो तेव्हा पाणी घोटाभर. तरी कारागिराचा डाव कळला. धौम्य ऋषींचा आश्रम इथे होता असं सांगतात. तिथून धरणाची भिंत बघितली, चहा प्यायलो, परत.

परतताना शहाणपण एकच, आत्यांनी सांगितलेलं. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून येणारी एसटी वाईला भरूनच येते, दारात लोंबकळणारे उतरत नाहीत आणि वाट बघणारे चढत नाहीत. वाईहून सुटणारी गाडी धरायची, तीही पाऊण तास आधी स्टँडवर जाऊन. चपला सहज काढता येतील अशा घाला, दिवसातून वीस वेळा काढाव्या लागतात. घाटावर साबणाचं पाणी असतं, जपून.

लोहाऱ्याची बौद्ध लेणी राहिली, पांडवगड राहिला. रंगपंचमीला बावधनला बगाड असतं, नवसाचा उंच लाकडी गाडा, बैलांनी ओढायचा, आत्या म्हणतात एकदा बघाच. "पण त्या दिवशी गाडी मिळणार नाही, आदल्या रात्रीच मुक्कामाला या. आणि हळद दळलीत की रंग कसा आला ते फोन करून कळवा, दुकानदार विचारतो मला."